सही आहे, शिक्का कुठाय?

‘सरपंच, ग्रामपंचायत आगरदांडा’ एवढ्या मजकुरात तीन अनुस्वार आहेत. खाली ‘ता. मुरूड, जि. रायगड’ घेतलं की आणखी दोन टिंबं. एकूण पाच. वाचणाऱ्याच्या ती लक्षातही येत नाहीत. पण घरच्या घरी फोटोपॉलिमरचे शिक्के करणाऱ्या माणसाची झोप उडवायला ही पाच टिंबं पुरतात. शिक्का धुताना अक्षरं सहसा टिकतात, टिंबं वाहून जातात. मग कागदावर ‘सरपच, ग्रामपचायत आगरदाडा’ उमटतं, आणि गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून समोर उभं असतं.

आगरदांडा म्हणजे राजपुरीच्या खाडीवरचा धक्का. गाड्या, मोटारसायकली, माणसं आणि कोंबड्यांच्या पाट्या पोटात घालून फेरीबोट इथून समोरच्या दिघीला जाते. खाडी ओलांडली की श्रीवर्धन तालुका. न ओलांडता जायचं तर रस्त्याने भलामोठा वळसा. त्यामुळे धक्क्यावर येणाऱ्या बहुतेकांना आगरदांड्याला यायचं नसतं, आगरदांड्याहून जायचं असतं. मधल्या वेळात ते चहा पितात, खाडीकडे बघतात, मोबाइलची रेंज शोधतात. आता फोटोपॉलिमरचा एक साधा शिक्का, सगळं सुरळीत झालं तर, तासाभरात तयार होतो. समजा, कुणी इथे हा धंदा काढला आणि ‘पुढची फेरी येईपर्यंत शिक्का तयार’ अशी पाटी लावली, तर ती थाप ठरणार नाही. सगळं सुरळीत झालं तर, एवढंच.

ते सुरळीत कसं होतं, हे बघण्यासारखं आहे. आधी मजकूर संगणकावर जुळवायचा आणि पारदर्शक फिल्मवर छापून त्याची निगेटिव्ह काढायची. अक्षरं पारदर्शक, बाकी सगळं काळंकुट्ट. काचेवर निगेटिव्ह, तिच्यावर पातळ संरक्षक फिल्म, कडेने फोमच्या पट्टीचा बांध, आणि त्या बांधात मधासारखं घट्ट, चिकट रेझिन ओतायचं. वर आधाराची फिल्म आणि दुसरी काच. मग हे सगळं अतिनील प्रकाशाच्या पेटीत. जिथे प्रकाश पोचतो तिथे रेझिन घट्ट होतं, पोचत नाही तिथे पातळच राहतं. ते पातळ कोमट पाण्यात साबण घालून मऊ ब्रशने धुऊन टाकलं की अक्षरं उभी राहतात. पुन्हा थोडा प्रकाश द्यायचा, वाळवायचं, कापायचं, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने मुठीला लावायचं. झाला शिक्का.

सांगायला सोपं आहे. घोळ सगळा प्रकाश किती वेळ द्यायचा यात आहे.

आधी पाठीमागून थोडा प्रकाश देतात, त्याने शिक्क्याची जमीन तयार होते. मग निगेटिव्हच्या बाजूने जास्त वेळ देतात, त्याने अक्षरं त्या जमिनीत रुजतात. हा दुसरा प्रकाश कमी पडला तर मोठी अक्षरं तग धरतात, पण टिंबाच्या इवल्याशा भोकातून आत गेलेला प्रकाश जमिनीपर्यंत पोचत नाही. टिंब अधांतरी राहतं आणि ब्रशच्या पहिल्या फटकाऱ्याला निघून जातं. म्हणून प्रकाश वाढवावा, तर दुसरीच आफत. अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या भरायला लागतात. ‘ब’ची रेघ पोटात विरघळते, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला भेद मिटतो, आणि ‘क्ष’ तर नुसता डाग होऊन बसतो. थोडक्यात, सरपंच वाचवायला जावं तर अध्यक्ष काळे पडतात.

इंग्रजीवाल्यांना याची कल्पना नाही. त्यांच्या मोठ्या अक्षरांतल्या मजकुरात टिंब म्हणजे फक्त वाक्याच्या शेवटचं. आपल्याकडे वर अनुस्वार, खाली उकार, डोक्यावर रफार, पायात रकार. मशीनबरोबर आलेल्या कागदावर प्रकाशाचे सेकंद दिलेले असतात, पण ते देवनागरीत जोडाक्षरं असलेल्या गोल शिक्क्यासाठी नसतात. म्हणून जाणते कारागीर फाँट जाड घेतात आणि टिंब तेवढं हाताने वेगळं फुगवतात. ‘अध्यक्ष’ मात्र मोठ्याच आकारात घ्यावा लागतो. तो घ्यावाच लागतो, नाहीतर अध्यक्ष रागावतात.

जुन्या पद्धतीत हे दुखणं वेगळं होतं. शिशाचे खिळे जुळवायचे, त्यांचा साचा काढायचा, साच्यावर रबर ठेवून तापलेल्या दाबयंत्रात शिजवायचं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करायची युक्ती शोधली, तिथून ही वाट सुरू झाली. त्यानंतर अमेरिकेतले दंतवैद्य कवळ्यांच्या रबरी बैठका लहानशा भांड्यांत शिजवू लागले, आणि 1860 च्या दशकात त्याच भांड्यांत पहिले रबरी शिक्के शिजले. म्हणजे साहेबांची कवळी आणि साहेबांचा शिक्का यांचं माहेर एकच. दोन्ही हलले की बोलण्यातलं वजन जातं, हाही योगायोगच.

आगरदांड्याच्या आसपास शिक्क्याला मान फार जुना आहे. जवळच राजपुरी, समोर जंजिरा. दंडाराजपुरी हे नाव शिवकालीन कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येतं. रांझे गावच्या पाटलाला बदअमलाबद्दल दिलेल्या शिक्षेचं 1646 मधलं पत्र प्रसिद्ध आहे, त्यावर शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा आहे. त्या काळी पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मोर्तब अशी पद्धत होती. मोर्तब उमटलं की मजकूर संपला; त्याखाली कुणी शहाण्याने ‘आणि आणखी दोन बिघे’ असं घुसडू नये. आजच्या अर्जावरच्या ‘आवक’ शिक्क्याला एवढं तत्त्वज्ञान नाही, पण तो मिळवायला माणूस तितकाच वेळ ताटकळतो. पुढे जंजिऱ्याचं संस्थान 1948 मध्ये विलीन झालं, नवाबाची मोहर गेली आणि तिच्या जागी जांभळ्या शाईचे गोल, आडवे, चौकोनी, तारखेचे असे सगळे शिक्के आले.

धंदा काढायचा तर भांडवल लागतं. त्यासाठी सरकारची योजना आहे, 8 एप्रिल 2015 ला सुरू झालेली, आणि तिचं नाव मुद्रा. तिच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. मुद्रा करण्यासाठी मुद्रा कर्ज, याहून समर्पक काय असणार! अडचण इतकीच की धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला गेलं की काउंटरमागून हमखास विचारणा होते, ‘प्रोप्रायटरचा शिक्का आणलाय का?’ शिक्के करण्याचा धंदा सुरू करण्यासाठी शिक्का हवा. तो दुसऱ्याकडून करून घ्यावा लागतो. म्हणजे नव्या दुकानदाराचा पहिला खर्च प्रतिस्पर्ध्याच्या खिशात जातो.

हेच काम कुणी छंद म्हणून करत असेल तर त्याला पेटीही लागत नाही. अतिनील किरण सूर्याकडे फुकट मिळतात. एप्रिल-मेमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर दुपारी बाराला काचा अंगणात ठेवल्या तर रेझिन पेटीइतकंच इमानदारीने घट्ट होतं. पण अंगण सावध लागतं. मांजर, कावळे, सुपारी वाळत घालायला आलेली काकू, आणि ‘हे काय रे?’ म्हणून काच उचलून बघणारा पुतण्या, यातलं काहीही आडवं आलं की अक्षराला सावली पडते. ‘हे काय रे?’ची सावली सर्वांत वाईट, कारण ती हलत असते. आणि जून लागला की सूर्य नाहीसा होतो. 1 जूनपासून मासेमारीवर बंदी, जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या बंद, धक्क्यावर चिटपाखरू नाही. हाताशी वेळच वेळ आणि आकाशात ऊन नाही, ही कोकणातल्या छंदिष्टाची जुनी कुचंबणा आहे. हवेत इतका ओलावा असतो की वाळायला ठेवलेला शिक्का सकाळी अधिकच ओला सापडतो.

गंमत म्हणजे शिक्क्यांचा खरा हंगाम नेमका याच दिवसांत. शाळा उघडतात, दाखले निघतात. बोनाफाईड, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासाचा, आणि प्रत्येकावर कुणाचा तरी शिक्का. मुख्याध्यापकांचा शिक्का बरोबर अशा वेळी झिजलेला निघतो.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा तर दोन्ही टोकं एकत्र आली. माडांच्या आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली, मुरूड-श्रीवर्धनच्या गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. आणि त्याच दिवसांत घरोघर पंचनामे. पंचनामा म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, पंच आणि शिक्के. ज्या छपराखाली शाईचा पॅड ठेवायचा तेच छप्पर नाही, अशा अवस्थेतही कागदावर गोल उमटवायची जागा मात्र राखलेली होती.

गिऱ्हाइकांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रेझिनपेक्षा ती जास्त चिकट असतात.

सर्वांत कठीण गिऱ्हाईक म्हणजे मंडळ. एकटा माणूस येतो तेव्हा नाव, पद, गाव एवढंच सांगतो. मंडळ येतं तेव्हा पाचजण येतात आणि सहावा फोनवर असतो. गोल शिक्क्याचा व्यास साधारण चार सेंटिमीटर. त्यात मंडळाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, स्थापनेचं वर्ष, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि मध्ये देवाचं चित्र. चित्रही देव्हाऱ्यातल्यासारखं, दागिन्यांसकट. ‘एवढं मावणार नाही’ म्हटलं की खजिनदार विचारतो, ‘मग गोल मोठा करा ना.’ गोल मोठा केला की पॅड लहान पडतो. मोठा पॅड घ्यायचा ठराव पुढच्या बैठकीत मांडायचा ठरतो. तोवर फेरी येते आणि फोनवरचा सहावा सांगतो की वर्ष चुकलंय.

बचत गट त्यामानाने शिस्तीचे. अध्यक्ष आणि सचिव, दोन आडवे शिक्के, एक गोल. पण त्यांचे पापड-कुरडया बाजारात गेले की पाकिटावर तारीख, बॅच आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक लागतो. इथे पहिल्या दिवशीच धडा मिळतो. नेहमीची जांभळी शाई कागदात शोषली जाते, प्लॅस्टिकच्या पिशवीवर ती वाळतच नाही. पापडाच्या पिशवीवरचा क्रमांक घरी पोचेपर्यंत गिऱ्हाइकाच्या तळहातावर गेलेला असतो. प्लॅस्टिकसाठी झटपट वाळणारी वेगळी शाई मिळते. पण त्या शाईतल्या द्रावकांनी फोटोपॉलिमर फुगतो, अक्षरं भोपळ्यांच्या वळणाने जायला लागतात. तिथे जुनं शिजवलेलं रबरच बरं. नवं ते सगळंच वरचढ असतं असं नाही, हे सांगायला निदान एक पापड तरी मिळाला.

मच्छीमार सोसायटीचा शिक्का चोख लागतो, डिझेलच्या कागदावर तो बघितला जातो. काशीद-नांदगावकडचे घरगुती लॉजवाले बोधचिन्ह घेऊन येतात. त्यात माड, होडी, सूर्य आणि किल्ला हे चारही असतात आणि चारही केसाएवढ्या रेघांचे. शिक्षिका सर्वांत समंजस. त्यांना ‘छान’, ‘तपासले’ आणि ‘पालकांची सही’ हे तीन शिक्के पुरतात, आणि ‘पालकांची सही’मध्ये एकच टिंब असतं.

आणि सरपंच. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमधल्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तेव्हापासून शिक्केवाल्याला एक प्रश्न जपून विचारावा लागतो. शिक्का बाईंच्या पदाचा, मजकूर सांगायला येतात त्यांचे यजमान, आणि ‘नाव घालायचं का?’ म्हटलं की यजमान क्षणभर विचारात पडतात. आता अनेक गावांत बाई स्वतः येतात, नाव घालायला सांगतात, टिंब तपासतात आणि शिक्का पर्समध्ये टाकून चेन ओढतात. शिक्का कुणाच्या खिशात आहे, यावरून गावचा कारभार समजतो. त्याला पाहणी-बिहणी लागत नाही.

शिक्का एकदा कचेरीत पोचला की कारागिराचा हक्क संपतो. पॅडवर शाई असली तरी बाबू आधी तोंडाजवळ नेऊन त्यावर ‘हाऽऽ’ करतो. हा विधी कुठल्याही परिपत्रकात नाही, तरी गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत एकसारखा होतो. त्याने वाळलेली शाई ओलावते, हे खरंही आहे. मग दण्णकन एक ठोका, तोही सहीच्या बरोब्बर वर, जेणेकरून सही वाचता येऊ नये आणि शिक्काही. फोटोपॉलिमरला एवढ्या जोराची गरज नसते. हलका दाब पुरतो. ठोकलं की कडा उमटतात. पण हळूच लावलेला शिक्का बाबूला आणि अर्जदाराला, दोघांनाही खरा वाटत नाही. ऑस्ट्रियातल्या वेल्स या एकाच शहरात जगातल्या दोन मोठ्या कंपन्यांचं ठाणं आहे, 1912 ची ट्रोडॅट आणि 1980 ची कोलॉप. आपोआप शाई लागणारे त्यांचे नाजूक, टिकटिक आवाज करणारे शिक्के इथेही मिळतात. टिकटिक होते, पण दण्णकन होत नाही. म्हणून कित्येक टेबलांवर अजून लाकडी मूठच.

सरकारने शिक्का घालवायचा प्रयत्न केला नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. 2015 मध्ये कंपनी कायद्यात बदल होऊन कंपनीचा सामाईक शिक्का ऐच्छिक झाला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने बहुतेक कामांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणा आणि साक्षांकनाऐवजी स्वयंसाक्षांकन पुरे, असं ठरवलं. 2018 च्या महाराष्ट्र दिनापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याला वेगळ्या सही-शिक्क्याची गरज नाही. माणूस तो छापून आणतो, खिडकीवर देतो आणि आतून आवाज येतो, ‘यावर शिक्का कुठाय?’ तो सांगतो, लागत नाही. आतला म्हणतो, ‘लागत नाही असं कुठे लिहिलंय?’ लिहिलेलं दाखवलं, तर पुढचा प्रश्न ठरलेला, ‘यावर शिक्का कुठाय?’

अशा वेळी कुणी शिक्केवाल्याकडे येऊन हळू आवाजात ‘तलाठ्याचा एक करून द्या, नुसता दिसायला’ म्हणालं, तर दुकानदाराने त्याला पुढची फेरी दाखवावी. भारतीय दंड संहितेत हा गुन्हा होताच; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. मौल्यवान दस्तऐवज बनावट करण्याच्या इराद्याने खोटा शिक्का बनवणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि त्याच इराद्याने तो जवळ बाळगणाराही सुटत नाही. तीन सिंहांच्या राजमुद्रेसाठी तर 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. खासगी माणसाला किंवा संस्थेला ती परवानगीशिवाय वापरता येत नाही, मग तो माणूस कितीही ‘समाजसेवक’ असो. शहाणा कारागीर संस्थेच्या लेटरहेडवर मागणी घेतो, ओळखपत्राची प्रत ठेवतो आणि वहीत प्रत्येक शिक्क्याचा एक ठसा उमटवून ठेवतो. घरगुती धंद्यात ही वही मशीनपेक्षा महत्त्वाची.

घरी करून बघायची हौस असेल, तर दोन गोष्टी पाळाव्यात. रेझिनला उघड्या हाताने शिवू नये, हातमोजे घालावेत. काहींच्या कातडीला त्याने खाज सुटते. उरलेलं रेझिन मोरीत किंवा खाडीत ओतू नये. टाकाऊ कागदावर पुसून उन्हात घट्ट होऊ द्यावं आणि मग कचऱ्यात टाकावं. स्वयंपाकघरातलं पातेलं या कामाला घेऊ नये, हे वेगळं सांगायला नको. घरातून ते सांगितलं जाईलच.

आणि ज्यांच्या कपाटात विसर्जित मंडळांचे, मागच्या सरपंचांचे, निवृत्त मुख्याध्यापकांचे शिक्के ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून पडून आहेत, त्यांनी ते आजच बाहेर काढावेत. मुठीवरची पट्टी नखाने सुटते, आणि फोटोपॉलिमर साध्या कात्रीने कापला जातो.